दुखतंय म्हणजे कसं?

गावात एखादं पोर फार बडबडायला लागलं, की त्याची आई दटावायची, "गप बसतूस का पाठवू अंजनाबाईंकडं?" पोर लगेच चिडीचूप. कृष्णाकाठच्या त्या गावात अंजनाबाईंची अंगणवाडी शांततेसाठी नावाजलेली होती. हाताची घडी, तोंडावर बोट. पाहणीला येणाऱ्या मॅडम दरवेळी वहीत शेरा मारायच्या, 'शिस्त उत्तम'. बावीस वर्षांच्या नोकरीत बाईंना त्या दोन शब्दांचा फार अभिमान होता.

आपण तरी घरात दुसरं काय करतो? पोर बोलायला लागलं की गप म्हणतो, नाहीतर हातात मोबाइल देतो. मग ते गप्प बसलं की पाहुण्यांना कौतुकानं सांगतो, किती गुणाचं आहे!

पल्लवीचा मुलगा मल्हार असाच गुणाचा होता. वय पाच. गणपती उठल्यावरच्या एका सोमवारी तो बाईंच्या खुर्चीपाशी येऊन उभा राहिला.

"बाई, दुखतंय."

"काय दुखतंय?"

"प्वाट."

"रोज कुनाचं ना कुनाचं प्वाट दुखतंयच. जा, जाग्यावर बस. बोट कुठं हाय?"

मल्हारनं तोंडावर बोट ठेवलं आणि जाऊन बसला.

घरी आजीनं ओवा चावायला दिला. मंगळवारी ताप चढला. गावातल्या डॉक्टरांनी परोपरीनं विचारलं, कसं दुखतं, आधी कुठं दुखलं? तो एवढंच म्हणायचा, "दुखतंय." बुधवारी मिरजेला नेलं, तोवर अपेंडिक्स फुटून पोटभर पू पसरला होता. शुक्रवारी मल्हार गेला.

अंजनाबाई भेटायला गेल्या, तेव्हा पल्लवी भिंतीला टेकून बसली होती. मिरजेचे डॉक्टर काय म्हणाले ते ती पाठ केल्यासारखं सांगत होती. "दुखनं आधी बेंबीपाशी असतंय म्हनं. मग उजवीकडं सरकतंय. मोठं मानूस सांगतंय, ल्हान पोरास्नी न्हाई सांगता येत. दोष कुनाचा न्हाई म्हनले."

बाई मान खाली घालून ऐकत राहिल्या. सोमवारची गोष्ट त्यांच्या ओठापर्यंत आली आणि तिथंच अडली.

शेजारच्या प्राथमिक शाळेत नागसेन गुरुजी पहिलीचा वर्ग घेत. आठवडाभरानं त्यांच्यापाशी बाईंचा बांध फुटला. "गुरुजी, त्यो मला सांगायला आला हुता वो! मी गप बसवला."

गुरुजींनी त्यांना रडू दिलं. मग म्हणाले, "ताई, तुम्ही ऐकलं असतं तर तो वाचला असता, असं मी म्हणणार नाही. ते कुणालाच ठाऊक नाही. पण बघा, ठणकतं, टोचतं, मुरडा मारतो, कळ येते, आग होते. दुखण्यालाच आपल्याकडं किती शब्द! यातला एक तरी आपण पोरांच्या तोंडात घातला का? माझ्याकडं पोरं येतात ती 'चांगलं हाय' आणि 'दुखतंय' एवढ्यावरच. बोलायची सवय तोंडावर बोट ठेवून कशी लागणार?"

"मग मी काय करू?"

गुरुजींनी खिशातला मोबाइल काढला. "कापडी पिशवीत एक वस्तू घाला. पोरानं आत हात घालायचा, नाव सांगायचं नाही, कशी आहे तेवढं बोलायचं. ते रेकॉर्ड करा आणि सगळ्यांना ऐकवा. बाकीच्यांनी ओळखायचं. नाही ओळखलं, तर पोर आपणहून आणखी सांगतं. स्वतःचा आवाज ऐकायला पोरांना फार आवडतं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी पिशवीत हळकुंड घातलं आणि वर्गातल्या अंकिताला पुढं बोलावलं. दुपारी पोरं घरी गेल्यावर त्यांनी ते रेकॉर्डिंग एकटीनं ऐकलं.

"सांग की. लवकर सांग. लांब हाय का? व्हय म्हन. वाकडं हाय का? आगं, बोल की! खरखरीत हाय न्हवं?"

"व्हय."

दोन मिनिटांत अंकिताचा एकच शब्द! बाकी सगळा आवाज बाईंचा! त्यांना वाटायचं, पोरांना बोलता येत नाही. अहो, पोराच्या तोंडी शब्द येईपर्यंत यांनाच दम धरवत नव्हता! बाईंनी तीनदा ऐकलं. चौथ्यांदा ऐकायचं धाडस झालं नाही.

त्यानंतर बाई 'कसं हाय?' एवढंच विचारायच्या आणि पदराचं टोक मुठीत धरून थांबायच्या. पहिल्यांदा पोरं नुसती बघत राहायची. मग अंकिता पिशवीतलं हळकुंड चाचपत हळूच म्हणाली, "बोटावानी हाय. म्हाताऱ्या मानसाच्या." पोरं हसली, बाईही हसल्या. दिवाळीपर्यंत पोरं एकमेकांचं ऐकून दुरुस्त करायला लागली. 'गार' म्हणून भागत नाही, 'माठाला हात लावल्यावानी गार' असं सांगायला लागली. पाहणीच्या मॅडमनी या खेपेला शेरा मारला, 'वर्गात गोंगाट'. बाईंनी खाली मुकाट्यानं सही केली.

एके दिवशी सकाळी पल्लवी दारात आली.

"बाई, तुमी पोरांचं आवाज भरून ठेवताय म्हनं. माझ्या मल्हारचा असंल का वो त्यात? घरात फोटू लय हायती. दोन व्हिडिओबी हायती. पन त्यात आमीच बोलतोय, टाटा कर, टाटा कर. त्यो नुसता हात हलवतोय."

बाई उठून तिच्याजवळ गेल्या. "न्हाई गं पल्लवी. हे रेकॉर्डिंग मी मागनं चालू केलं. तवा मी कुनाला बोलूच देत नव्हते." आणि मग त्यांनी सोमवारची गोष्ट सांगून टाकली.

पल्लवी उंबऱ्यावरच खाली बसली. म्हणाली, "घरी आल्यावर मलाबी त्यानं सांगितलं हुतं. मीबी त्याला गपच म्हनलं."

मग बाईंनी पोरांना जवळ बोलावलं, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करून तो मधे ठेवला आणि विचारलं, "आपला मल्हार कसा हुता?"

"त्याचं क्यास पानी लावलं तरी उभंच ऱ्हायचं."

"हसायच्या आदी त्याचं डोळं बारीक व्हायचं."

"त्याचा खालचा दात हलत हुता. त्यो जिबंनं ढकलत बसायचा."

"आनि आवाज?" बाईंनी हलकेच विचारलं.

अंकिता विचार करत राहिली. कुणी घाई केली नाही. "बारीक हुता. सर्दी झाल्यावानी. बाई भाईर गेल्या की त्यो लय बोलायचा."

बाईंनी ते रेकॉर्डिंग ऐकवलं, तशी पल्लवी पदरात तोंड खुपसून रडली. रडणं ओसरल्यावर म्हणाली, "परत लावा."

महिन्याच्या माता बैठकीत अंजनाबाई उभ्या राहिल्या. "बायांनो, पोर गप हाय म्हंजे ते बरं हाय, असं समजू नगा. मोबाइल घरोघरी हाय. पोराच्या हातात देऊन त्याला गप करू नगा, त्याचं बोलनं त्यात भरा, त्याला ऐकवा, तुमीबी ऐका. कसं हाय ते इचारा आनि इचारून थांबा. मी थांबले न्हाई. तुमी थांबा."