अर्ध्या इंचाचे पाप

मी एका शिंप्याच्या गळ्यात बावीस वर्षे राहिलेली मोजायची टेप बोलते आहे. साठ इंच लांबी, दोन्ही टोकांना पितळेच्या पत्र्या, एका अंगाला इंच आणि दुसऱ्या अंगाला सेंटिमीटर, एवढाच माझा पसारा. एका तरुणाच्या मरणात माझा वाटा किती, याचा निवाडा मला करता येत नाही. जे माझ्या अंगावरून गेले तेवढे मी सांगते.

कारखान्यात कापडाच्या फितीवर मेणचट लेप चढला, यंत्राने आकडे उमटवले आणि पुष्कळ बहिणींबरोबर मी खोक्यात जाऊन पडले. मास्तरांनी मला बाहेर काढले तेव्हा दुकान नवे होते. त्यांनी मला पोलादी पट्टीला लावून रेघ न् रेघ पडताळली, मग डोळे मिटून मनाशी काही पुटपुटले आणि मला गळ्यात घातले. तेव्हापासून त्यांच्या छातीचे ठोके हेच माझे घड्याळ झाले. यंत्र चालवताना ते टाक्यागणिक देवाचे नाव घेत, आणि तेही माझ्या कानावर पडे.

मला पाहिले की माणसे बदलतात. कमरेला वळसा घातला की पोट आत ओढतात, छातीला घातला की फुगवतात. मास्तर हसून म्हणत, "साहेब, श्वास सोडा. शर्ट घालून दिवसभर श्वास कोंडून बसणार आहात का?" मग गिऱ्हाईक ओशाळे आणि खरे माप हाती येई. आपण आहोत त्याहून थोडे वेगळे असावे, असे साऱ्यांनाच वाटते. ते थोडे म्हणजे माझ्या अंगावरच्या दोन रेघा. तेवढ्याने कुणाचे काही बिघडत नाही, अशी माझी तेव्हा समजूत होती.

रोजच्या ओढाताणीने मी सैल पडत गेले. पहिल्या वीस इंचांत मी जवळजवळ अर्धा इंच ताणले गेले. अठरा इंचांची वस्तू मला साडेसतराची भरू लागली. मास्तरांना हे ठाऊक होते. पण अंग माझ्याने मोजायचे आणि कापडही माझ्यानेच. चूक दोन्हीकडे सारखी, त्यामुळे कपडा अंगावर चपखल बसे. "हात बसलाय माझा हिच्यावर," असे म्हणून ते मलाच वापरत राहिले. नवी आणलेली टेप खोक्यात तशीच पडून होती.

मास्तरांना एकच मुलगा. आई दुकानातच मागच्या बाजूला बसून काज आणि बटणे करी, म्हणून मूल कापडाच्या ढिगातच वाढले. अंगाने फार बारीक. शाळेत त्याला सगळे 'काडी' म्हणत.

तो पंधरा वर्षांचा असताना मास्तर गणवेशासाठी त्याचे माप घेत होते. समोरचा घड्याळजी पँटची लांबी कमी करून घ्यायला आला होता. त्याने काडीकडे खालून वर पाहिले.

"मास्तर, याला शर्ट कशाला शिवताय? छत्रीची गवसणी शिवा. कापड वाचेल!"

दुकानात हशा पिकला. आईच्या हातातली सुई थांबली, तीही हसली. ओठांत टाचण्या धरलेले मास्तर नाकातून हसले. वाईट हेतू कुणाच्याच मनात नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. पण त्या क्षणी मी मुलाच्या छातीभोवती होते. बरगड्यांच्या आत त्याचा श्वास अडकला आणि तिथेच राहिला. श्वास सोड, असे त्या दिवशी त्याला कुणी म्हणाले नाही.

वर्षभरात तो व्यायामशाळेत जाऊ लागला. सुरुवातीला सारे चांगलेच होते. मुलगा पोटभर जेवतो म्हणून आई सुखावली, पहाटे उठतो म्हणून मास्तरांना कौतुक वाटले. बारा इंचांचा दंड तेरा झाला, मग चौदा. दुपारी मास्तर जेवायला बसले की मी यंत्रावर पडलेली असे. काडी मला उचलून कपडे घालून बघायच्या पडद्यामागे नेई, दंडाभोवती गुंडाळी आणि खडूने फळीच्या मागच्या बाजूला आकडा लिही.

आधी आठवड्यातून एकदा. मग रोज. मग दिवसातून तीनदा.

चोविसाव्या वर्षी तो दारातून तिरपा होऊन आत येई. मान आणि खांदे एक झाले होते. व्यायामशाळेच्या भिंतीवर दंडासाठी लावलेला 'अठरा' हा आकडा त्याच्या डोक्यात बसला होता. देवाचा ध्यास लागावा तसा त्याला आकड्याचा ध्यास लागला; पण देवाच्या ध्यासाने माणूस हलका होतो, हा दिवसेंदिवस जड होत चालला होता. तो मला दातांनी धरून आवळी, आणि मी साडेसतरा सांगे. जितके तो मला आवळी तितकी मी ताणली जाई, आणि जितकी मी ताणली जाई तितका तो कमी भरे.

एकदा व्यायामशाळेतला शिकवणारा दादा पँट टाकायला दुकानात आला.

"काय रे, तुझा दंड अठराच्या वर गेलेला दिसतोय."

"कुठला! साडेसतरालाच अडकलोय दादा."

"डोळे फुटले का माझे? नीट मोज एकदा."

"शिंप्याचा मुलगा आहे मी. आमच्या बाबांची टेप आहे ही, हिच्यापुढे तुमचे डोळे काय चीज आहेत!"

दादा हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "अडकला असशील तर पुढचा उपाय आहे. सांग तेव्हा देतो."

तो उपाय अस्तराच्या कापडाच्या ताग्यांमागे बुटाच्या डब्यात येऊन राहिला: अंग फुगवणाऱ्या औषधाच्या लहान बाटल्या आणि सुया. मास्तरांच्या सुयांनी साऱ्या गावाची वस्त्रे जुळवली होती. या सुयांनी काय उसवले, ते पुढे कळले.

आईला एकच गोष्ट खुपत होती. भर उन्हाळ्यात मुलगा स्वेटर घालून बसे.

"अरे, डोंगराएवढा झालास आणि लोकरीत लपतोस? लोक अंग दाखवायला कमावतात."

"अजून काही झालेलं नाही गं. झालं की दाखवीन."

"काही झालेलं नाही? कालच तुझ्या वजनानं माझं स्टूल मोडलं!"

"आई, चेष्टा नको."

त्याचा स्वर ऐकून तिने सुईत दोरा ओवायला मान खाली घातली. चारचौघांत जाणे त्याने सोडले होते. अर्ध्या बाहीचा शर्ट त्याच्याकडे एकही उरला नव्हता. आईला वाटे, मुलगा लाजाळू आहे. देवाजवळ ती त्याच्यासाठी चांगली बायको मागत होती.

मग एके दिवशी त्याचा शर्ट पाठीवर उसवला आणि मास्तरांनी कित्येक वर्षांनी त्याचे माप घेतले. दंडाला मला गुंडाळताच काडी स्वतःच म्हणाला, "साडेसतरा. बघितलंत? हलतच नाही."

मास्तर म्हणाले, "अरे राजा, ही अर्धा-पाऊण इंच खाते. म्हातारी झाली, ताणली गेलीय. मला वाटलं तुला माहीत आहे."

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. मास्तरांना मात्र आनंद झाला. ते लगबगीने खोक्यातली नवी टेप घेऊन आले, पोलादी पट्टीला लावून तिची खात्री करून दाखवली आणि दंडाला वळसा घातला. "सव्वाअठरा! अगं, ऐकलंस का? पोरगा केव्हाचा पार झालाय आणि आपला उगाच झुरतोय!" त्यांना वाटले, गाठ सुटली.

काडी नव्या टेपकडे पाहत राहिला. "ही आखडलेली असेल."

"डोळ्यांदेखत पट्टीला लावली ना तुझ्या?"

"बाबा, मी रोज बघतो स्वतःला. तुम्ही मला बरं वाटावं म्हणून बोलताय." त्याने मला यंत्रावरून उचलले. "मला हीच द्या. ही खरं बोलते."

आपले खोटे कुणाला इतके हवेसे वाटेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हते. तो माझ्या आकड्याने फसला, असे मी आजवर समजत होते. त्याच्या डोळ्यांना जे दिसत होते त्याला दुजोरा देणारे कुणीतरी त्याला हवे होते, आणि तशी साऱ्या घरात मी एकटीच होते. त्या दिवसापासून मी मास्तरांच्या गळ्यातून त्याच्या पिशवीत गेले. सुया वाढल्या.

आठ महिन्यांनी तो जिन्यात कोसळला. पाय सुजले होते, उताणे निजले की दम कोंडत होता. आईने हाताला लागले ते कपडे त्याच्या पिशवीत कोंबले, आणि त्यांच्याबरोबर मीही इस्पितळात आले.

तो ग्लानीत असताना डॉक्टरीणबाई बाकावर आईबापांशेजारी येऊन बसल्या.

"हृदय फुगलंय याचं. नीट आकसतच नाही. सुया किती दिवस घेत होता?"

"सुया?" आई म्हणाली. "तो चहासुद्धा पीत नाही हो."

"आरशात त्याला काय दिसतं, कधी विचारलंत?"

मास्तर गोंधळले. "एवढा धिप्पाड माणूस, त्यात विचारायचं काय?"

"त्याला अजूनही काटकुळा मुलगाच दिसतो. मनाचा आजार आहे हा. कुणी उपाशी राहून हाडं मोजतं, हा दंड मोजत होता. व्यायाम करणारा प्रत्येकजण आजारी नसतो, मास्तर. पण एवढं अंग कमावून जो ते लपवत फिरतो, त्याला मदत हवी असते."

मास्तर म्हणाले, "टेप वेळेवर बदलली असती तर?"

"तर त्यानं दुसरं काहीतरी शोधलं असतं. चूक टेपची नाही. पण यापुढे त्याच्यासमोर मोजणं बंद करा."

बाईंनी मला निर्दोष सोडले. मास्तरांनी स्वतःला सोडले नाही, आणि मीही नाही.

चार महिने इस्पितळ आणि घर, घर आणि इस्पितळ झाले. मनाच्या आजारावर बोलायला एक डॉक्टर येत. काडी भिंतीकडे तोंड करून त्यांचे ऐके आणि ते गेले की दंड चाचपे. कमावलेले मांस उन्हातल्या बर्फासारखे उतरले. हृदय मात्र फुगलेले ते फुगलेलेच राहिले.

एका दुपारी तो म्हणाला, "बाबा, टेप."

मास्तरांनी आईकडे पाहिले. ती उठून खिडकीशी गेली. मास्तरांनी पिशवीतून मला काढले आणि त्याच्या दंडाभोवती वळसा घातला. तो कातडीवर सैल बसला. माझे टोक बाराच्या रेघेपुढे थोडेसे सरकून थांबले.

"किती?"

बावीस वर्षे मी त्या गळ्यात होते. त्या तोंडातून खोटे माप बाहेर पडलेले मी कधी ऐकले नव्हते. मास्तर म्हणाले, "अठरा. पुरे अठरा."

काडीने मान वळवून त्या दंडाकडे कितीतरी वेळ पाहिले. मग डोळे मिटून घेतले.

"अजून थोडं हवं होतं," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. सव्विसावे वर्ष होते.

देवाने मातीला आकार दिला तेव्हा त्याच्या गळ्यात टेप नव्हती, अशी माझी श्रद्धा आहे. कुडी ही जिवाला राहायला दिलेली जागा. हा मुलगा ती बांधतच राहिला. आत राहायला तो कधी गेलाच नाही. त्याला उंबऱ्याच्या आत बोलावणारे शब्द आम्हा कुणालाच वेळेवर सुचले नाहीत. आम्ही एक तर हसलो, नाही तर आकडे सांगितले.

आता मी दुकानातल्या ड्रॉवरमध्ये असते, मोडक्या खडूंच्या आणि तुटक्या बटणांच्या संगतीत. मास्तर मला फेकत नाहीत आणि हातही लावत नाहीत. यंत्र चालते, पण देवाचे नाव आता ऐकू येत नाही. बहुधा मनात घेत असतील. किंवा भांडत असतील.

गेल्या आठवड्यात एक तरुण आला. ड्रॉवर थोडा उघडा राहिला होता, त्या फटीतून मी पाहिले. दारातून तिरपा होऊन आत शिरलेला, बाहेर रणरणते ऊन आणि अंगात जाड जाकीट.

"मास्तर, शर्ट शिवायचाय. पूर्ण बाही, ढगळ. माझे दंड फार बारीक दिसतात हो."

नवी टेप मास्तरांच्या गळ्यात होती. त्यांनी ती उतरवून बाजूला ठेवली आणि स्टूल पुढे सरकवले.

"बस बाळा. शर्टाचं मागाहून बघू. जेवण जातं का तुला नीट? घरी कोण कोण असतं?"

"मास्तर, माप घेताय ना?"

"बस तर खरं. मला एक मुलगा होता..."

"मग दुसरीकडे टाकतो," असे म्हणत तो वळलासुद्धा.

आई काज टाकून उभी राहिली. "अहो, जाऊ देऊ नका त्याला!"

मास्तर चपला न घालताच तापलेल्या रस्त्यावर उतरले. "अरे बाळा, थांब!" अशी त्यांची हाक मी ऐकली. पुन्हा एकदा ऐकली, जरा लांबून. पुढे काय झाले ते मला कळले नाही. ते एकटेच परत आले. आईने त्यांच्या तळपायांवर पाणी ओतले, एवढेच दिसले.

ड्रॉवरमधून रस्ता दिसत नाही. तुम्हाला दिसतो. उन्हात लोकर पांघरून कुणी चाललेला दिसला, तर त्याला हसू नका आणि त्याचे मापही सांगू नका. त्याच्या मागून जा.