शेवटी राहिलेलं नाव

कल्पना करा पोरांनो, तुमच्या हातात गरम सारूची बादली आहे. सारू म्हणजे आपलं सारच. म्हैसुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत त्याला सारूच म्हणतात. पोटात कावळे ओरडताहेत, समोर पुरुषांची पंगत बसली आहे आणि तुमचं पान अजून मांडलेलंसुद्धा नाही. आलं डोळ्यांसमोर? मग तुम्ही ईश्वरीच्या जागी उभे आहात.

कुवेंपुनगरातली ही ईश्वरी सातवीत होती. मराठी मंडळाच्या जेवणात बायका शेवटच्या पंगतीला बसतात आणि तोवर कोशिंबीर संपलेली असते, हे ती लहानपणापासून बघत आली होती. त्यावर तिने एक छोटा व्हिडिओ केला. आईचे वाढणारे हात तेवढे टिपले आणि सोबत बोलायचे शब्द लिहिले : ‘भूक सगळ्यांना एकाच वेळी लागते. मग पानं दोनदा का मांडतात?’

तो मोबाइलवर ज्या पेजवरून टाकायचा, ते पेज होतं तिच्या थोरल्या भावाचं. निनाद कॉलेजात शिकायचा.

“तुझा आवाज चिरका येतो ग, मी बोलतो,” तो म्हणाला. “पण शेवटी तुझं नाव. मोठ्या अक्षरात!”

ईश्वरीला शंका आली नाही. तिला सायकल शिकवताना सीट धरून धापा टाकत धावला होता, तोच हा अण्णा. आणि व्हिडिओच्या शेवटी खरंच आलं : ‘शब्द – ईश्वरी’. तिने ते कितीदा तरी पाहिलं.

व्हिडिओ गावभर फिरला. समतेसाठी मोबाइलवरून बोलणाऱ्या तरुणांचा यंदा सत्कार करायचा, असं मंडळाने ठरवलं. निनादला बोलावणं आलं. “स्टेजवर तुला हाक मारतो,” तो म्हणाला. ईश्वरीने नवं परकर-पोलकं घातलं आणि पहिल्या रांगेत बसली.

पडद्यावर आईचे हात दिसले. टाळ्या पडल्या. ईश्वरी खुर्चीच्या टोकाशी सरकली. शेवटचं चित्र आलं, आणि अक्षरं उमटली : ‘शब्द आणि आवाज – निनाद’.

चूक झाली असेल, असं तिला वाटलं. तिने अण्णाकडे पाहिलं. अण्णा आपल्या बुटांकडे बघत होता.

मंडळाचे अध्यक्ष वेंकोबाकाका यांनी त्याला शाल दिली, डोक्यावर जरीचा म्हैसूर पेटा ठेवला. “हे सुचलं कसं रे तुला?”

“आईकडे बघून,” निनाद माइकवर म्हणाला. ते उत्तरही ईश्वरीचंच होतं. स्टेजवर काय बोलायचं, ते तिने आदल्या दिवशी त्याला म्हणून दाखवलं होतं.

हाक आलीच नाही.

कार्यक्रम संपल्यावर ती वाढपाच्या गडबडीतल्या आईकडे गेली. “आई, ते माझं होतं.”

“ठाऊक आहे ग.” आईने तिच्या हातात बादली दिली. “होगली बिडू, जाऊ दे. मान घरातच आला ना? चल, बेगा बेगा, लवकर, लोक बसले.”

आईला ठाऊक होतं, तरी आईसुद्धा!

पंगतीत मधोमध निनाद बसला होता, पेटा तसाच डोक्यावर. त्याच्या पानावर कोशिंबिरीचा मोठा ढीग होता.

“ईशू, सारू इकडे!”

ती त्याच्यासमोर थांबली. “अण्णा, माझं नाव राहिलं.”

“श्श! नंतर टाकतो ग, नंतर.”

“नंतर म्हणजे शेवटच्या पंगतीला?”

शेजारी बसलेले वेंकोबाकाका हसले. “अरे वा, बहीणही तुझ्यासारखंच बोलते की!”

निनादही हसला. मान मात्र त्याने वर केली नाही.

ईश्वरीने बादली खाली ठेवली आणि पळी निनादच्या हातात दिली. मग कोपऱ्यातल्या गठ्ठ्यातून केळीचं एक पान ओढलं, पाणी शिंपडून पुसलं, अण्णा आणि वेंकोबाकाका यांच्यामध्ये मांडलं आणि मांडी घालून बसली.

“वाढ,” ती म्हणाली.