डाव्या गालाची लाली

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. दात घासायचा नव्हे, आणि भिंती रंगवायचा तर नव्हेच नव्हे. गालावर लाली लावायचा ब्रश आहे मी. माझी लाकडी मूठ आता जागोजागी काळवंडली आहे आणि डोक्यावरचे केसही पूर्वीइतके दाट राहिलेले नाहीत. पण वयाबरोबर कोणाचे केस गळत नाहीत? तुमच्या आजोबांना विचारा.

माझे केस शेळीचे आहेत. ज्या कारखान्यात मी तयार झालो तिथे एका लांब टेबलाशी दहा-बारा बायका बसत. त्यांतल्या एका चष्मेवालीने मला घडवले. ती केसांची जुडी लाकडी साच्यात टोके खाली करून सोडायची आणि साचा टेबलावर हलकेच आपटत राहायची. आपटता आपटता केस आपोआप गोल बसत. शेजारच्या नव्या मुलीने एकदा ते नीटनेटके करायला कात्री उचलली, तेव्हा चष्मेवालीने तिचा हात धरला. "टोकाला कात्री लावायची नाही. कापलेला केस गालाला टोचतो," असे ती म्हणाली. मला तेव्हा त्याचे विशेष काही वाटले नाही.

तिथून मी आलो तो एका ब्यूटी पार्लरमध्ये. चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरच्या मजल्यावर ते होते. दोन खुर्च्या, एक आरसा, आणि रस्त्याकडे उघडणारी मोठी खिडकी. मालकिणीला सगळे ताईच म्हणत. ताईंचा हात फार हलका होता आणि जीभ फार मोकळी. एखादी ताईंकडे येऊन म्हणाली की मला गुलाबी लाली हवी, तर ताई तिला खिडकीशी नेत आणि म्हणत, "आधी गालाला चिमटा काढा. जो रंग वर येईल, त्याच्या जवळचा रंग तुमचा. डबीत छान दिसतो तो डबीचा."

त्या मला रंगात अलगद टेकवत, मग हाताच्या मागच्या बाजूवर दोनदा झटकत आणि मगच गालाकडे नेत. नाकापासून दोन बोटे जागा सोडायची, गोल चेहऱ्यावर तिरके जायचे, लांबट चेहऱ्यावर आडवे जायचे. आधी थोडेच लावायचे, कमी वाटले तर आणखी लावता येते. अति तिथे माती, हे त्या दिवसातून चारदा तरी म्हणत. आणि प्रत्येकीला न चुकता सांगत, "जरा हसा बघू." बाई हसली की गाल वर येई, आणि त्या वर आलेल्या गालावर मला त्या फिरवत. एवढे ऐकून रडवेली बाईसुद्धा हसायची. मी तेव्हा ताईंचा लाडका होतो. रोज माझी धूळ झटकली जाई, आठवड्याला साबणाने अंघोळ होई. गिऱ्हाइके मला गालावर फिरवून घेत आणि "काय मऊ आहे हो" म्हणत. मी फुगून जाई, हे कबूल करतो.

पण नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते खोटे नाही. एके दिवशी पारदर्शक पाकिटातून बारा ब्रशांचा नवा संच आला. गुलाबी प्लॅस्टिकच्या मुठी, चकाकणारे केस. ताईंनी ते पेल्यात ओळीने लावले आणि माझी रवानगी कात्र्यांच्या ड्रॉवरमध्ये झाली. तेही चालले असते. पण पुढे केस कापून झाल्यावर मानेवर चिकटलेले तुकडे झटकायला मला वापरू लागले. एकेकाळी गालांवर फिरणारा मी, आता घामेजलेल्या मानांवर! सहा वर्षे मी ते काम केले. तक्रार करायला तोंड नव्हते, म्हणून गप्प राहिलो.

मग एका रविवारी दुपारी शाळेतल्या एक बाई आल्या. सोबत त्यांच्या सासूबाई होत्या. खरे तर सासूबाईंनीच त्यांना ओढत आणले होते. बाई पहिलीच्या वर्गाला शिकवत. दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी त्या उठल्या तर चेहऱ्याची डावी बाजू हलेना. डॉक्टर म्हणाले, नस सुजली आहे, बरी होईल, पण वेळ लागेल. तेव्हापासून बाई घरातच होत्या. रजा संपली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गावर जायचे होते. मुले आपल्याला बघून घाबरतील, या भीतीने त्यांनी राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता. हे सगळे सासूबाईंनी जिना चढून येताच, धापा टाकत, खिडकीशी उभ्या असलेल्या ताईंना हळू आवाजात सांगितले. बाई तेवढ्यात खुर्चीत जाऊन बसल्या होत्या.

ताईंनी सगळे ऐकले. मान डोलावली. डबी उघडली, पेल्यातला गुलाबी मुठीचा ब्रश घेतला, रंगात बुडवला आणि डबीतून नजरही न उचलता म्हणाल्या, "जरा हसा बघू."

खालून चपलेवर हातोडी पडल्याचा आवाज आला. बाई उठल्या. त्यांनी पर्स खांद्याला लावली.

"चला आई, घरी जाऊ."

"थांबा हो," ताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "चूक माझी आहे. इतकी वर्षं हेच बोलत आलेय. जित्याची खोड, दुसरं काय. आत्ता ऐकूनसुद्धा बोलले, बघा. पण तुम्ही गेलात तर माझ्या मनाला लागून राहील."

"ती बसेल," सासूबाई म्हणाल्या. "तीन मजले मी पुन्हा पुन्हा चढणार नाही."

"एकच मजला आहे, आई."

"माझ्या गुडघ्यांना विचार."

बाई बसल्या. ताईंनी दोन्ही गालांवर सारख्याच उंचीवर रंग लावला. पण उजवा गाल वर होता आणि डावा खाली उतरलेला, त्यामुळे डाव्या बाजूचा रंग ओठाच्या बाजूला ओघळल्यासारखा दिसू लागला. बाईंनी आरशात पाहिले. "हा अजूनच रुसलाय," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. ताईंनी सगळे पुसून काढले. पुसताना बाई जराशा दचकल्या. त्या गुलाबी मुठीच्या ब्रशाने गालाची आग होत होती, आणि दुखऱ्या गालावर ते केस टोचत असणार हे ताईंच्या ध्यानात आले. त्यांनी ड्रॉवर उघडला आणि मला बाहेर काढले.

मी कसा दिसत होतो ते विचारू नका. ताईंनी मला साबणाने धुतले, कापडात दाबून पिळले, आडवे ठेवून पंख्याखाली वाळवले. अर्धा तास गेला. तेवढ्या वेळात सासूबाईंनी दोन कप चहा घेतला आणि सुनेच्या हातचा चहा कसा बिघडतो ते सांगितले. बाई त्यावर नाकातून हसल्या. मग ताईंनी मला बाजूला ठेवून आधी डोळे मिटले आणि अंगठ्याने बाईंचा गाल चाचपला. कानापासून सुरुवात करून त्या हाडावरून हळूहळू पुढे आल्या. मग दुसऱ्या बाजूला.

"अहो, हाड दोन्हीकडे सारखंच आहे की," त्या म्हणाल्या. "खाली आलंय ते वरचं मांस. मी आपली मांसामागे धावत होते."

गुलाबी डबी बंद झाली. बाई सावळ्या होत्या. चिमटा काढल्यावर त्यांच्या गालावर विटेसारखा रंग वर आला, तोच ताईंनी निवडला. मला हातावर दोनदा झटकले आणि कानाजवळून, हाडाच्या वरच्या कडेने, मला अलगद पुढे आणले. डोळ्याच्या खाली थांबवले. बाई या वेळी दचकल्या नाहीत. मित्रांनो, सहा वर्षांनी मी गालावर होतो, आणि मला फार फार बरे वाटले.

चेहरा सारखा झाला का? नाही झाला. खोटे कशाला सांगू? ओठाचा डावा कोपरा खालीच होता. पण बाई आता आजारी दिसत नव्हत्या. सकाळी लांबवर चालून आलेल्या माणसासारख्या दिसत होत्या. त्यांनी बराच वेळ खिडकीच्या उजेडात आरसा धरला. मग पर्समधला कागद काढून सासूबाईंच्या हातात दिला. सासूबाईंनी तो चष्मा न लावताच फाडला आणि ताईंपुढे गाल केला. "मलाही लावा थोडी. घरी मला कोण विचारतंय, पण लावा."

तिसऱ्या दिवशी बाई सांगायला आल्या. वर्गात पुढच्या बाकावरच्या एका चिमुरडीने विचारले होते, "बाई, तुमचा हा गाल झोपलाय का?" बाईंना खोटे बोलवेना. त्या म्हणाल्या, "हो गं." मग त्या मुलीने मागे वळून तोंडावर बोट ठेवले, आणि पहिला तास सगळा वर्ग कुजबुजत शिकला. ताईंनी मला त्या विटकरी डबीसकट त्यांच्या हातात दिले. "रोज माझ्याकडे कशाला यायचं? तुम्हीच शिका."

आता मी बाईंच्या घरी आरशाखाली राहतो. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला झटकायचे विसरून गालांचे पार टोमॅटो केले, पण आता हात बसला आहे. दर रविवारी सासूबाई मला धुतात. तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल तर त्यालाही धुवा, आणि उभा वाळवू नका. पाणी मुळांत उतरले की आमचे केस सुटतात. आणि कोणाच्या चेहऱ्याला हात लावण्याआधी तो चेहरा एकदा नीट बघा. ताईंसारख्या ताईंनाही ते उशिरा शिकावे लागले.

अजून एक गोष्ट आहे. मी फिरलो की बाईंचा उजवा गाल गुदगुल्या झाल्यासारखा आक्रसतो आणि डावा तसाच पडून राहतो, हे मला पाठ झाले होते. पण सोमवारी डाव्या गालावर माझ्याखाली काहीतरी इवलेसे हलले. मला वाटले, भास झाला. काल पुन्हा हलले. आज सकाळी तर चांगलेच हलले, पण बाईंचे लक्ष घड्याळाकडे होते, आणि इतके थोडे आरशात दिसतही नाही. त्यांना अजून ठाऊक नाही. त्यांच्याशी मला बोलता येत नाही. तुमच्यापैकी कोणी त्यांच्या वर्गात असाल, तर उद्या पहिल्या तासाला तेवढे सांगा त्यांना, आणि मोठ्याने सांगा.