पोचम्माच्या नावावर खपवलेलं तोंड

नागुलकुंटाची सरपंचकी बायकांसाठी राखीव झाली आणि गावातल्या नवऱ्यांना एकाएकी आपापल्या बायका आठवल्या. ओदेलूला सुगुणा आठवली. त्याने तिला विचारलं नाही. उद्या बरी साडी नेस, अर्ज भरायला जायचंय, एवढं जेवताना सांगितलं आणि भातावर अजून पप्पू, म्हणजे डाळ, मागितला.

सुगुणा मात्र त्याच्यापेक्षा जास्त तयारीची निघाली. बायकांचा बचत गट ती वर्षानुवर्षं चालवत होती आणि तिला सरपंचकी खरोखर हवी होती. कारण एकच, रस्ता. तिच्या जावेला वेणा सुरू झाल्या तेव्हा करीमनगरच्या दवाखान्यात नेणारी रिक्षा ज्या खड्ड्यात अडकली, त्याच खड्ड्यात पुतण्या जन्मला. पोरगं चांगलं धडधाकट आहे, पण गावात त्याला अजून 'गुंटडू' म्हणतात, म्हणजे खड्ड्या. निवडून आले तर पहिला रस्ता, असं सुगुणा दारोदार सांगत सुटली, आणि बायका मान डोलवायला लागल्या.

समोरून राजलिंगमची बायको उभी होती, म्हणजे राजलिंगम उभा होता. तो रिक्षाला भोंगा बांधून चावडीपाशी आला आणि म्हणाला, "सुगुणाक्का रस्त्याचे खड्डे बुजवणार म्हणते. बुजव बाई. पण सुरुवात घरापासून कर, आधी तोंडावरचे बुजव."

चावडी हसली. सोळाव्या वर्षी सुगुणाच्या तोंडावर मुरुम उठले होते. तिने ते नखाने फोडले, आईने त्यावर दंतमंजन थापलं, मामाने शहरातून कसलंसं मलम आणून दिलं, आणि सगळ्यांनी मिळून गालांची चाळण केली. पण त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. दोन पोरं, चार म्हशी आणि एक ओदेलू सांभाळताना आपल्याला गाल आहेत हेच ती विसरली होती. चावडी हसली तेव्हा तिलाही थोडं हसू आलं.

ओदेलूला आलं नाही. आपल्या मोटरसायकलवर कुणी खिळ्याने ओरखडा काढावा तसा तो चिडला.

त्यात फ्लेक्सची भानगड होतीच. फोटोवाल्याने बोर्डावर सुगुणाचं तोंड असं घासूनपुसून काढलं होतं की आत सुगुणा उरलीच नव्हती. पोचम्माच्या देवळाची झाडलोट करणारी म्हातारी पोशव्वा त्या बोर्डासमोर उभी राहून बराच वेळ बघत होती. मग तिने ओदेलूला विचारलं होतं, "ही कोण रे? दुसरी केलीस आणि जेवणही घातलं नाहीस?"

आता कुणीही शहाणा माणूस बोर्ड बदलेल. ओदेलूने ठरवलं, बोर्ड झकास आहे, तोंड बदलायचं.

करीमनगरात चपलांच्या दुकानावर एक क्लिनिक होतं. आतला माणूस पांढरा कोट घालून बसला होता आणि भिंतीवर चौकटी लावलेले कागद होते. ते कशाचे होते हे वाचायला ओदेलू थांबला नाही. हे केमिकल पील, वरची कातडी जाते, खालून नवीन येते, असं कोटवाल्याने सांगितलं. सुगुणाने विचारलं, खड्डे जातील का? जातील की, तो म्हणाला. आधी हलकं लावून बघावं लागतं, कानामागे थेंब टाकून बघावा लागतो, सावळ्या कातडीला जपून घ्यावं लागतं, खोल खड्डे असल्या लेपाने भरत नाहीत, यातलं एक अक्षर त्याने काढलं नाही. मतदान जवळ आलंय असं ओदेलू म्हणाला, तेव्हा त्याने बाटली बदलली आणि जास्त कडक घेतली.

लेप लागला तशी सुगुणाला मिरच्या कांडताना डोळ्यांत होते तशी आग आख्ख्या तोंडावर झाली. गाल पांढरेफटक पडले. आणि मग, तोंड भाजून झाल्यावर, त्या महात्म्याने आधी सांगायच्या गोष्टी सांगितल्या. उन्हात जायचं नाही. साल निघेल, ओढायची नाही. घासायचं नाही, साबण नाही, हळद नाही, कुणाचाही पाला नाही. नाहीतर काळे डाग पडतील आणि ते जाता जात नाहीत.

"आणि प्रचार?" सुगुणाने विचारलं.

"संध्याकाळचा करा," तो म्हणाला.

पुढचे दिवस सुगुणाचं तोंड तव्यावरच्या पापडासारखं आवळत गेलं. हसलं की ताणायचं, जांभई दिली की चरचरायचं. मग तपकिरी पापुद्रा चढला. तो ओठांच्या कडेने सुटायला लागला, कांद्याच्या सालीसारखा, आणि खालून लालगुलाबी कच्ची कातडी दिसायला लागली. ओदेलूने तिला आतल्या खोलीत घातलं, खिडकीवर घोंगडी टाकली आणि बाहेर सांगितलं की तिला बरं नाही. स्वतः भोंगा घेऊन एकटाच हिंडू लागला. रस्त्याबद्दल त्याला काही बोलता येत नव्हतं, म्हणून तो स्वतःबद्दल बोलायचा.

शेजारची लच्चव्वा एका दुपारी विरजण मागायला मागच्या दाराने आली आणि थेट खोलीत शिरली. अंधार. सोललेलं लाल तोंड. अंगावर ओलं फडकं. तिने एकदा बघितलं, दोन्ही हात जोडले आणि उलट्या पावलांनी बाहेर गेली. सुगुणा हाक मारेपर्यंत दारावर कडुलिंबाचे डहाळे खोचले गेले होते. अम्मवारू, म्हणजे कांजण्यांची देवी, आली होती. देवी आली की हेच करतात, अंधार, ओलावा, शिवायचं नाही. गावाची चूक काय? त्यांनी आयुष्यभर जे बघितलं तेच त्यांना दिसलं.

ओदेलू धावत आला. डहाळे बघून आधी घाबरला. मग त्याच्या तोंडावर जे हसू पसरलं ते सुगुणाने लग्नातही बघितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी भोंग्यावर वेगळंच सुरू झालं. आई पोचम्मा आख्खं गाव सोडून सुगुणाच्या अंगावर आली, म्हणजे आईने आपलं मत आधीच टाकलंय, असं ओदेलू गल्लीगल्लीत ओरडत फिरला. राजलिंगमची वाचा बसली. आता त्या तोंडावर विनोद करणार कोण? उलट त्याच्याच बायकोने गुपचूप नारळ पाठवला.

सुगुणाने ओदेलूला सांगितलं, हे थांबव. ओदेलू म्हणाला, मी कुठे सुरू केलंय?

मंगळवारी बायका आल्या. डफ वाजत होता. पोशव्वा पुढे, डोक्यावर परात, परातीत कडुलिंब आणि हळद वाटून केलेला हिरवापिवळा गोळा. देवी उतरायला लागली की तो अंगाला आणि तोंडाला चोळून न्हाऊ घालतात. चांगलं खसाखसा चोळतात, कारण त्यात माया असते.

ओदेलू आत आला आणि कुजबुजला, "थोडं सोस. पाच मिनिटांचं काम. आख्ख्या गावातल्या बायका आहेत बाहेर."

"आणि तोंड?"

"तोंडाचं निवडणुकीनंतर बघू."

सुगुणा त्याच्याकडे बघत राहिली. चोळून घेतलं तर निवडणूक खिशात होती. रस्ता होता. आणि कच्च्या कातडीवर ती हळद, तो पाला, मग बाहेरचं ऊन. खरं सांगितलं तर देवीची थट्टा केली म्हणून हेच गाव तिला उभं जाळणार. तिने डोक्यावरून पदर ओढला आणि पडवीत आली. पोशव्वाने परात खाली ठेवली, बोटांवर गोळा घेतला.

"थांब अव्वा," सुगुणा म्हणाली. "ही आई नाही. करीमनगरला नेऊन तोंडाला ॲसिड लावलंय. बोर्डावरच्या फोटोसारखं दिसावं म्हणून."

डफ थांबला.

"कुणी लावलं?" पोशव्वाने विचारलं.

"लावलं डॉक्टरने. नेलं यांनी. गेले मी, तेवढी चूक माझी."

"आणि आईचं नाव?"

सुगुणाने ओदेलूकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. ओदेलू म्हणाला की भोंग्यावर माणूस बोलण्याच्या भरात बोलून जातो.

पोशव्वा परातीकडे बघत होती. "आईच्या नावाने वाटलेला गोळा परत नेता येत नाही," ती म्हणाली. "कुणाच्या तरी तोंडाला लागलाच पाहिजे."

लच्चव्वाने दार अडवलं. बचत गटाच्या चौघीजणींनी ओदेलूला पडवीत बसवला आणि पोशव्वाने त्याला चोळला, कानांच्या मागे, मिशीच्या आत, मायेने, खसाखसा. डोळ्यांत गेलं म्हणून तो ओरडला तर डफवाल्याने पुन्हा डफ धरला. मग त्याला तसाच हिरवापिवळा देवळापर्यंत चालवत नेला, माफी मागायला. राजलिंगमही बघायला रस्त्यावर आला होता, पण त्याच्या बायकोने त्याला दंडाला धरून घरात नेलं. परातीत अजून गोळा उरला होता.

पुरुषांची बरीच मतं गेली. बायकोने नवऱ्याची अशी अब्रू काढणं त्यांना झेपलं नाही. बायकांची बरीच आली. सुगुणा निवडून आली, थोडक्यात, पण आली.

तोंडाचं म्हणाल तर साल सगळी निघाली आणि खड्डे होते तिथेच होते. सगळे. वर डाव्या गालावर रुपयाएवढा काळा डाग पडला, कारण झोपेत तिने एकदा साल ओढली होती. मोठ्या दवाखान्यातल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी तो बघून कपाळाला हात लावला आणि सांगितलं, फिका होईल, पण महिने जातील, आणि उन्हात छत्री घेतल्याशिवाय पाऊल टाकू नकोस. नागुलकुंटाची सरपंच रस्त्याची मोजणी करायला छत्री घेऊन उभी राहिली.

मोजणीच्या आधी, निकालाच्या दुसऱ्या दिवशी बायका हळदीकुंकू लावायला आल्या. सुगुणाने कुंकू कपाळापुरतंच लावून घेतलं. सगळ्या गेल्या, तिघी रेंगाळल्या. लच्चव्वा, तिची सून, आणि चक्क राजलिंगमची बायको. तिघी खांबाला टेकून एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. शेवटी लच्चव्वाने घसा साफ केला. सुनेच्या बहिणीच्या तोंडावर मुरमांचे डाग आहेत, स्थळं येतात आणि परत जातात, तर ते करीमनगरचं क्लिनिक नेमकं कुठल्या गल्लीत?

सुगुणाच्या डोक्यात तिडीक गेली. तिने गाल उजेडात पुढे केला, डागावर बोट ठेवलं. "बघा. नीट बघा. पील पाहिजे तर कातडीच्या खऱ्या डॉक्टरकडे जा, हळूहळू करा, आणि तरी खोल खड्डे भरतील म्हणून सांगेल त्याच्या तोंडावर चप्पल मारा. हा पत्ता मागायला आलात?"

तिघींनी नीट बघितलं. डाग बघितला, खड्डे बघितले. राजलिंगमची बायको तर पार नाकाला नाक लागेल एवढी वाकली.

"पण अक्का," ती म्हणाली, "नाकाशेजारी जरा गुळगुळीत झालंय हां."

सुगुणाने तिला अशी शिवी हासडली की गोठ्यातल्या म्हशीने मान वळवली. तिघी हसत, पदर सावरत पळाल्या.

त्या कोपऱ्यावरून वळल्या हे बघून सुगुणाने दार लावून घेतलं, आरसा खिडकीपाशी नेला आणि नाकाशेजारी बघितलं.