पहिल्या लेखकाचा नियम

पितळी पट्टीची लांबी बारा सेंटिमीटर, उंची दोन. तिच्यावर एक नाव आणि एक साल मावतं, त्याहून जास्त नाही. अशा सहा पट्ट्या जालिंदररावांच्या ऑफिसातल्या सागवानी फळीवर ओळीने बसवल्या आहेत. अक्षरं इंग्रजी, कारण कारखान्यातल्या कोरणाऱ्या मशीनला मराठी येत नाही. आंबिके, भोर, चोरघे, आफळे, दांगट, बनसोडे. सहा वर्षांत आडनावाचं पहिलं अक्षर 'डी'च्या पुढे गेलेलं नाही.

हे माझ्या लक्षात येऊन अकरा महिने झाले होते.

पिरंगुटला जालिंदररावांचा गिअर बनवायचा कारखाना आहे. आई बयाबाई यांच्या नावाने ते दर वर्षी गणितातल्या संशोधनाला पुरस्कार देतात; फळीवरची नावं त्याच्या विजेत्यांची. बयाबाई मेंढरं राखायच्या. शाळेत कधी गेल्या नव्हत्या. पण संध्याकाळी कळप आत घेताना एक मेंढरू कमी आहे, आणि ते कोणतं, हे न मोजता सांगायच्या. "तिला गणित येत हुतं, पण ते गणित हाय हे तिला कुणी सांगितलंच न्हाई," असं जालिंदरराव प्रत्येक समारंभात सांगतात, आणि दर वेळी पहिल्यांदाच सुचल्यासारखं सांगतात.

त्यांच्या कारखान्याचं तेल-पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी रसायनशास्त्रज्ञ होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी मला पुरस्कार समितीची सचिव केलं आणि मी एका दुपारी नियम लिहून दिले. चौथा मला सर्वांत आवडायचा: 'लेखक एकाहून अधिक असल्यास पुरस्कार पहिल्या लेखकास द्यावा.' आमच्या रसायनशास्त्रात ज्याने काम केलं त्याचं नाव पहिलं, अशी रीत आहे. माझ्या पहिल्या शोधनिबंधावर मात्र माझं नाव साहेबांच्या आणि साहेबांच्या मेव्हण्याच्या मागे, तिसरं छापून आलं होतं. चौथा नियम लिहिताना मला तो मेव्हणा आठवला नव्हता, असं मी म्हणणार नाही.

एकूण सहा नियम झाले. सहा अपुरे वाटले, म्हणून सातवा जोडला: 'शंका आल्यास सचिवांचा निर्णय अंतिम.' शंका कधी आली नाही.

मग गेल्या वर्षीचा विजेता अभय बनसोडे याचं पत्र आलं. 'आमच्या विषयात लेखकांची नावं आडनावांच्या इंग्रजी अक्षरक्रमाने छापतात. माझं नाव पहिलं असण्यात माझं काही कर्तृत्व नाही. आमच्या निबंधातला अवघड भाग धम्मदीपा वाघमारे यांचा होता. कळवलेलं बरं.'

धम्मदीपा पौडची. ती गेल्या वर्षीच्या समारंभाला आली होती आणि मनापासून टाळ्या वाजवत होती. "तू अभयची विद्यार्थिनी का गं?" मी तिला विचारलं होतं.

"नाही मॅडम, सोबत काम करतो आम्ही," ती म्हणाली, आणि जिलबी घ्यायला गेली.

पत्र मी 'नंतर' असं लिहिलेल्या फाइलमध्ये ठेवलं. नियम बदलायचा तर त्या फळीसमोर उभं राहून चूक माझी आहे, असं सांगावं लागणार होतं. दिवाळी गेली, होळी गेली, फाइल तिथेच राहिली.

यंदा परीक्षकांनी एकमताने निवडलेला निबंध पुन्हा दोघांचा आहे: आडसूळ आणि वाघमारे. चौथ्या नियमाने पुरस्कार अतुल आडसूळला. दुसरा नियम म्हणतो, वय पस्तिशीच्या आत. आणि धम्मदीपाला येत्या सप्टेंबरात पस्तीस पूर्ण होतात. म्हणजे तिच्यासाठी हे शेवटचं वर्ष.

बैठकीला कौस्तुभ वैशंपायन उशिरा आले. ते गणिताचे प्राध्यापक, यंदाचे नवे परीक्षक.

"काय सर, घाटात अडकलाव?" जालिंदररावांनी विचारलं.

"ट्रक बंद पडलाय. दोन किलोमीटरला पन्नास मिनिटं!"

"मंग चालत यायचं की."

"बूट नवे आहेत हो."

चहा घेता घेता त्यांची नजर फळीवर गेली. "जालिंदरराव, या पुरस्काराला आडनाव ए, बी, सी, डीतलंच लागतं का? मी वैशंपायन. बरं झालं, कधी अर्ज केला नाही."

जालिंदरराव हसले, मग उठून एकेका पट्टीवरून बोट फिरवत गेले. "आयला, व्हय की! ताई, हे कसं काय?"

योगायोग, असं म्हणता आलं असतं. पण असा योगायोग सहादा होण्याची शक्यता मी घरी काढून पाहिली होती, आणि ती तोंडावर आणण्यासारखी नव्हती.

नावांच्या क्रमाची रीत शेवटी कौस्तुभ सरांनीच समजावली. वर सोयीची वाटही काढून दिली. "यंदा छापील नियमाप्रमाणे आडसूळचं नाव जाहीर करू. पुढच्या वर्षीपासून बदलू. कुणाला काही विचारायलाही नको."

"ताई, तुमी काय म्हंता?"

एवढ्यात तपासणी विभागातली पल्लवी आत आली. एका हातात गिअर, दुसऱ्यात ड्रॉइंग.

"दादा, भोक अर्ध्या मिलिमीटरनं सरकलंय. ड्रॉइंगच चुकलंय."

"सही कुणाची हाय?"

"माझीच."

"मंग हितं काय करतीस?"

"तुमच्या कानावर घालायला आले. बारा पीस गेले. तेराव्याला हात लावू देत न्हाई मी." टेबलावर वाकून तिने लाल पेनने ड्रॉइंगवर काट मारली, शेजारी सही केली आणि खाली गेली. पेन तिथेच राहिलं. थोड्या वेळाने खालून तिचा आवाज आला, "ऐका सगळे, चूक माझी हाय, मशीन बंद करा!" मग कोणीतरी, "चुकलीस, आता पार्टी दे!" असं ओरडलं, आणि मशीन थांबलं.

"ही आमची इथली रीत," जालिंदरराव कौस्तुभ सरांना म्हणाले. "ज्यानं सही केली त्यानंच बोलायचं. दुसऱ्यानं गुपचूप सुधारलं, की परत तेच चुकतंय."

नियमांचा कागद माझ्यासमोर होता. खाली एकच सही होती, निळ्या शाईतली, माझी. मी पल्लवीचं पेन उचललं आणि चौथ्या नियमावर फूटपट्टी धरून सरळ रेघ मारली. दोघेही माझ्याकडे बघत होते.

"चौथा नियम चुकीचा आहे," मी म्हणाले. "तो मी लिहिला, आणि तो चुकीचा आहे हे मला अकरा महिने माहीत आहे. आता सातव्या नियमाने सांगते. गेल्या वर्षीची पट्टी काढा, तिच्यावर धम्मदीपा वाघमारेचंही नाव हवं होतं. आणि यंदाचा पुरस्कार धम्मदीपा वाघमारे आणि अतुल आडसूळ, दोघांना, बरोबरीने. दोन्ही पट्ट्या चार सेंटिमीटर उंचीच्या लागतील."