सोजरबाईंची लेक

"सिस्टर, अशा काय बघता? मी अंकिता. माझ्या आईचं बाळंतपण तुमीच केलं व्हतं न्हवं?"

सुरेखाबाई कसनुसं हसल्या. त्यांनी कार्ड हातात घेतलं, नाव वाचलं, लस पुन्हा एकदा तपासली आणि अंकिताच्या बाळाच्या मांडीत सुई टोचली. हात जरासुद्धा हलला नाही. केंदूर परिसरात नर्स म्हणून त्यांना सव्वीस वर्षं झाली होती. ही पोर त्यांच्या डोळ्यांसमोर वाढली, आणि तिचंच नाव डोक्यातून पुसून गेलं होतं.

सुरेखाबाईंच्या आईचंही असंच सुरू झालं होतं. सोजरबाईंनी दौंडला रेल्वेच्या रुळांवर खडी उचलून तीन लेकरं वाढवली. लांबून नुसत्या आवाजावरून ही मालगाडी की पॅसेंजर, ते त्या सांगायच्या. साठीनंतर आधी शेजारणींची नावं गेली, मग घराची वाट, आणि शेवटी सुरेखा. अखेरची दोन वर्षं त्या पोटच्या लेकीला अहोजाहो करायच्या, पाहुणी समजून पाणी विचारायच्या.

सुरेखाबाईंना छप्पन्नावं चालू होतं. त्या संध्याकाळी शिरूरच्या घरी बसून त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून काढला. रांजणगावच्या कंपनीत क्वालिटी खात्यात असलेली त्यांची लेक दीक्षा शिफ्टवरून आली, तर अर्ज टेबलावरच पडलेला.

"आई, हे काय?"

"एखाद्या लेकराला चुकीची लस दिली म्हंजी? माझ्या हातनं कुणाचं वाईट व्हायला नको."

"आन् डॉक्टरला न दाखवता तूच निदान केलंस व्हय? दुसऱ्या कुणी असं केलं की किती ओरडतीस!"

पुण्यातल्या एका रुग्णालयात स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या मुलाबाळांची तपासणी चालली होती. दीक्षाने तिथे आईचं नाव घातलं. मेंदूचा एमआरआय झाला, रक्त घेतलं, दोन तास चित्रं दाखवून आणि शब्द सांगून परीक्षा झाली. महिन्याभराने मायलेकी निकाल ऐकायला गेल्या.

डॉक्टर तरुण होत्या. "रक्तातून जनुकाचं कळलंय," त्या म्हणाल्या. "पण ऐकायचं नसेल तर मी सांगणार नाही."

सुरेखाबाईंनी दीक्षाकडे पाहिलं. "मला सांगा. हिला थांबायचं का बाहेर जायचं, ते ती ठरवंल."

दीक्षाने खुर्ची पुढे ओढली.

"धोका वाढवणाऱ्या जनुकाची एक प्रत तुमच्यात आहे. आजार होणारच असा त्याचा अर्थ नाही. पण इतरांपेक्षा शक्यता जास्त."

डॉक्टरांनी पडद्यावर मेंदूचं चित्र लावलं. "आठवणी साठवायला मदत करतो तो हा भाग. तुमच्या वयाला हवा तेवढा भरलेला आहे. स्मरणाच्या चाचण्याही चांगल्या आल्यात. यावरून अंदाज बांधता येतो, भविष्य नाही सांगता येत."

"मग त्या पोरीचं नाव कुठं गेलं?"

"नाव कुणाचंही जातं कधीमधी. पण एक विचारू? मी बोलताना तुम्ही सारखा उजवा कान पुढे का करताय?"

त्याच दुपारी कानांची तपासणी झाली. दोन्ही कानांना कमी ऐकू येत होतं, डाव्याला बरंच.

"निम्मं लक्ष ऐकण्यातच खर्ची पडलं तर लक्षात काय राहणार?" डॉक्टर म्हणाल्या. "यंत्र लावा. ब्लड प्रेशरची गोळी चुकवू नका, रोज चाला, माणसांत राहा. आणि दर वर्षी मला भेटा."

"आन् नोकरी?"

"नाव आठवलं नाही तेव्हा काय केलंत?"

"कार्ड वाचलं. लस परत तपासली."

"मग नोकरी कशाला सोडता?"

परतीच्या एसटीत दीक्षा हळूच म्हणाली, "माझ्यातबी असंल की गं."

"असंल. नसंलबी. तपासायचं का न्हाई, तुझं तू बघ." सुरेखाबाईंनी तिचा हात धरला. "आन् आजीकडनं तेवढंच आलंय व्हय? हे नाक कुणाचं? हा हट्ट कुणाचा? टेबलावरचा अर्ज बघून माझ्यावर उखडलीस, अगदी सोजरबाईच!"

दीक्षाला हसू फुटलं, डोळेही भरून आले. "आत्ता न्हाई तपासत. तिशी झाल्यावर बघू."

अर्ज काही सुरेखाबाईंनी दिला नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांना मात्र स्वतःहून सगळं सांगितलं. तेव्हापासून लसीकरणाला सोबतच्या आशा कार्यकर्त्या कार्डावरचं नाव मोठ्याने वाचतात आणि सुरेखाबाई लसीच्या बाटलीवरचं. त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

कानाला यंत्र लावून त्या पहिल्यांदा लसीकरणाला बसल्या तो मंगळवार. सुई टोचल्यावर एक बाळ जीव खाऊन रडलं. आईने खांद्यावर घेऊन थोपटलं, तसं गप्प झालं. गप्प झाल्यावर थोड्या वेळाने त्याला एक बारीकसा हुंदका आला, अगदी श्वासाएवढा. कितीतरी वर्षांत असा हुंदका सुरेखाबाईंच्या कानी पडला नव्हता. हातातला कापूस तसाच धरून त्या ऐकत राहिल्या.