आमच्या डोंग्याच्या किती गाठी

दिव्यानी माही लहान बहीन, धाव्वीत हाये. मी नववीतूनच शाळा सोडली, वर्गात बसनं जमेच ना मले. आता बाबासंगं डोंग्यात बसून तलावात जाळं टाकतो. मागच्या हप्त्यात घाईत मी जाळं फाडलं, तवा बाबानं सांगून ठेवलं का आता एक बी चूक केली तं बल्लारपूरले मामाकडे कामाले धाडीन. मले तलाव सोडाचा नव्हता.

त्या दुपारी तलावाच्या पाळीवर मी जाळ्याचा दोर वाळवत होतो अन् दिव्यानी शाळेचं भाषन पाठ करून राह्यली होती. इंग्रज लोकं 'लय जोरात' कसं म्हन्ते, त्याच्यावर. एक म्हने वंगन लावलेली वीज. विजेले वंगन कोनं लावलं, मी इचारलं. ती म्हने, आपन बैलबंडीच्या आकाले लावतो ना, मंग चाक कसं पयते, तसं. दुसरं, मेंढीच्या पिलानं शेपटी दोनदा हालवली का काम खतम. हे पटलं. बकरीचं पिल्लू दूध पेताना शेपटी अशी हालवते का दिसत बी नाई.

तिसरं, 'रेट ऑफ नॉट्स'. गाठीच्या हिशोबानं पयनं. जहाजवाले म्हने दोराले गाठी मारत, टोकाले फळी बांधून मागं पान्यात सोडत. फळी जागीच राहे, जहाज पुढं जाये, अन् ठरल्या वेळात हातातून किती गाठी गेल्या ते मोजत.

"फळी जागी काऊन राह्यन? वढत येईन ना."

"पुस्तकात नाई लिवलं. तुले काय कराचं हाये, दादा?"

माहं डोस्कं फिरलं. जाळ्याच्याच दोराले हात-हातावर गाठी मारल्या, आईचा बसाचा पाट टोकाले बांधला. दिव्यानीले डोंग्यात बसवून तिच्या हाती बांबू देल्ला, मी मागं बसलो, मोबाइलवर टाइम लावला अन् पाट पान्यात सोडला.

पाट कुत्र्यावानी मागंमागंच आला. दिव्यानी हासली. मी पाहूनच राह्यलो. पाट पान्यावर आडवा होता, म्हनून वढत होता. जाळ्याले खाली बांधतो तसा त्याच्या एका कडेले गोटा बांधला. आता पाट उभा राह्यला, अर्धा बुडून, अन् जागीच थांबला. दोर तळहातातून सरसर गेला. एक गाठ, दुसरी, तिसरी.

काठावर बाबा उभा होता. जाळं टाकाची वेळ झाली होती. गाठीचा दोर जाळ्यात अडकते, हे मले माईत होतं. काठाले येऊन सोडाले गेलो तं भिजल्या गाठी नखानं सुटेना, दातानं सुटेना. दिव्यानीनं भेत-भेत सगळं सांगतलं. बाबानं पाट उचलला, उलटापालटा केला.

"गोटा बांधाले कोनं सांगतलं?"

"कोनं नाई."

बाबा डोंग्यात बसला, बांबू घेतला. मले म्हने, मोज.

बांबू असा हानला का टाइम सुरूच होता अन् दोर संपला. हात भाजला. दिव्यानीच्या मानानं किती जास्त, ते मोजता बी नाई आलं, राग आला मले.

"मोठा दोर पाह्यजे," मी म्हनलं.

"ह्याच्या गाठी सोड आधी," बाबा म्हने. "उद्या जाळं तूच टाकजो."

बल्लारपूरचं नाव बी नाई काढलं त्यानं. मी मान खाली घालून गाठ दातात धरली.